निरुपायाची संमती

बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की सांगलीच्या विश्रामबागेत, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाभोवती, कराडच्या विद्यानगरात आणि साताऱ्यातील महाविद्यालयांच्या परिसरात दरवर्षी एक ठरलेले दृश्य दिसते. पुढे वडील, मागे मुलगा किंवा मुलगी, हातात कागदपत्रांची पिशवी, आणि दारोदार एकच विचारणा : खोली मिळेल का? माण, खटाव, आटपाडी, जत अशा तालुक्यांतून ही मंडळी पहाटेच्या एस.टी.ने आलेली असतात. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलेले नसते. वर्ग सोमवारपासून सुरू होणार असतात. घरमालक भाडे सांगतात, अनामत रक्कम सांगतात, लाईट बिल वेगळे पडेल हेही सांगतात. वडील क्षणभर मुलाकडे पाहतात आणि 'ठीक आहे' म्हणतात.

या 'ठीक आहे'ला शरीअतच्या दृष्टीने काय अर्थ आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत अल्लाहने एकमेकांचे धन अन्यायाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्परांच्या राजीखुशीने होणाऱ्या व्यवहाराला त्यातून वगळले आहे. म्हणजे दुसऱ्याच्या खिशातला पैसा आपल्यासाठी हलाल होण्याची किल्ली 'राजीखुशी' ही आहे. आता त्या वडिलांची राजी होती. त्यांनी तोंडाने होकार दिला, पैसे मोजून दिले. खुशी होती काय? आणि नसेल, तर घेणाऱ्यावर त्याची काही जबाबदारी येते काय?

सर्वप्रथम हे स्पष्ट करावयास हवे की घर भाड्याने देणे हा शरीअतने मान्य केलेला व्यवहार आहे. फिक्हच्या ग्रंथांत 'इजारा' या नावाने त्याचे स्वतंत्र प्रकरणच असते. भाडे किती असावे याचा आकडा शरीअतने ठरवून दिलेला नाही. मदीनेत महागाई वाढली तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव ठरवून देण्याची विनंती केली, आणि प्रेषितांनी (स.) ती स्वीकारली नाही, कोणाच्या जीविताविषयी अथवा मालमत्तेविषयी अन्याय केल्याचा दावा आपल्यावर असू नये अशा अवस्थेत अल्लाहला भेटण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. ही हदीस घरमालक मंडळी आवर्जून सांगतात. मात्र तिच्यातील भीती सहसा कोणी लक्षात घेत नाही. शासक असूनही प्रेषित (स.) एका व्यापाऱ्याच्या हक्काबाबत एवढे जपतात, मग व्यापाऱ्याने गरजूच्या हक्काबाबत किती जपावे?

भाडे ठरविण्याचे स्वातंत्र्य मालकाला आहे, परंतु ते अमर्याद आहे असे उलमांनी कधी मानले नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण मक्केचे आहे. हजच्या दिवसांत मक्केत येणाऱ्या माणसाला दुसरीकडे जाण्याची सोय नसते. त्याला तिथेच राहावे लागते. या मोसमात मक्केतील घरांचे भाडे घेणे योग्य की अयोग्य, यावर पहिल्या शतकांपासून चर्चा झाली. सूरह अल्-हज्जच्या २५ व्या आयतीत तेथील रहिवासी आणि बाहेरून आलेला दोघे समान आहेत असे सांगितले आहे, तिचा आधार या चर्चेत घेतला जातो. यात्रेकरूला कोठेही उतरता यावे म्हणून हजरत उमर (रजि.) यांनी मक्केच्या लोकांना घरांना दरवाजे लावण्यास मनाई केल्याचे रिवायतींत येते. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी हजच्या मोसमात यात्रेकरूंकडून भाडे घेणे नापसंत केले, इमाम शाफई (रह.) यांनी ते जायज मानले. मतभेद आहे, आणि तो मक्केच्या पावित्र्याशी निगडित आहे हेही खरे. विश्रामबाग म्हणजे काही मक्का नव्हे. परंतु 'मोसम' आणि 'ज्याला दुसरीकडे जाता येत नाही असा माणूस' या दोन गोष्टी आपल्या प्रश्नातही जशाच्या तशा आहेत.

चौदाव्या शतकातील इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी तर हा प्रश्न मक्केपुरता न ठेवता सरळ मांडला आहे. काही लोकांना एखाद्याच्या घरात अथवा त्याच्या मालकीच्या सरायीत उतरण्यावाचून गत्यंतर नसेल, दुसरी जागाच मिळत नसेल, तर मालकाने ती त्यांना दिलीच पाहिजे, यात वाद नाही असे ते म्हणतात. वाद आहे तो पुढच्या मुद्द्यावर : अशा वेळी त्याने भाडे घ्यावे की विनामूल्य द्यावे. या बाबतीत उलमांची दोन मते आहेत. आणि भाडे घेणे योग्य म्हणणाऱ्यांच्या मतेही ते 'उज्रते-मिस्ल' एवढेच असावे, म्हणजे तशाच घराला तशाच वस्तीत रीतीप्रमाणे जे भाडे पडते तेवढे. त्याच्या अडचणीची किंमत त्यात मिळवता येत नाही.

अर्थात जुलैमध्ये खोली शोधणारा विद्यार्थी 'मुज्तर' म्हणजे पूर्णतः निरुपाय झालेला ठरत नाही. तो चार घरे अधिक फिरू शकतो, लांबून ये-जा करू शकतो. म्हणून त्याने केलेला करार रद्द ठरत नाही आणि मालकाने घेतलेले भाडे हराम ठरत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की करार वैध असणे आणि करार स्वच्छ असणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि आपल्यापैकी पुष्कळजण पहिल्या पायरीवर उभे राहून दुसरीही चढल्याचे समाधान मानतात. जी खोली फेब्रुवारीत एका भाड्याने सहज दिली असती तीच जुलैमध्ये दीडपट होते. मधल्या काळात खोलीत एक खिळाही नवा ठोकलेला नसतो. मग वाढलेली रक्कम कशाची? ती त्या वडिलांच्या घाईची किंमत आहे. आपल्या मिळकतीत हा हिस्सा किती, हे घरमालकाला इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक असते.

इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. त्यांच्याविषयीची एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका स्त्रीने रेशमी वस्त्र विकण्यासाठी आणले आणि शंभर मागितले. इमामांनी ते याहून अधिक किमतीचे असल्याचे सांगितले. ती शंभर-शंभराने वाढवीत चारशेवर आली, तरीही ते अधिकच म्हणत राहिले. आपली थट्टा चालली आहे असे तिला वाटले. अखेर जाणकाराला बोलावून त्यांनी ते वस्त्र पाचशेला घेतले. शंभरात तिची संमती होती, व्यवहार शंभर टक्के वैध झाला असता. तरीही इमामांनी तिच्या अज्ञानाचा लाभ उठवला नाही. हनफी म्हणवून घेणाऱ्या आपल्या भागात नमाजच्या बारकाव्यांबाबत इमामांचे मत जेवढ्या तत्परतेने विचारले जाते, तेवढे व्यवहाराबाबत विचारले जात नाही, ही खंत नोंदवल्यावाचून राहवत नाही.

घरमालकाचीही बाजू आहे आणि ती दुबळी नाही. खोल्या देणारे सगळेच धनिक नसतात. मिरजेत आणि साताऱ्याच्या जुन्या पेठांत अशी कितीतरी घरे आहेत जिथे पती गेल्यानंतर विधवेने वरची एक खोली दोन विद्यार्थ्यांना देऊन संसार चालविला आहे. तिला घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे, मे महिन्यात खोली रिकामी पडते तेव्हाचे नुकसान आहे. तिने मोसमात थोडे अधिक मागितले तर तिला लोभी म्हणणे अन्याय होईल. शिवाय, तिच्या आणि तिच्याकडे राहणाऱ्या मुलाच्या वडिलांच्या गरजेत कोणती मोठी, हे बाहेरच्याने ठरवावे कसे? म्हणूनच शरीअतने आकडा न ठरवता तो ठरविणाऱ्याच्या ईशभयावर सोडला असावा. परंतु जिच्याकडे एकच खोली आहे तिची सबब, ज्याने चार मजली इमारत केवळ कॉटच्या हिशेबाने बांधली आहे त्याने आपल्या नावावर मांडू नये.

भाड्यापेक्षाही अधिक वाद होतात ते अनामत रकमेवरून, ज्याला आपण डिपॉझिट म्हणतो. शब्दच अमानतचा आहे, आणि अमानत तिच्या मालकाला परत करण्याची आज्ञा कुरआनमध्ये स्पष्ट आहे. मालकाने ती रक्कम जपून न ठेवता वापरली, जी प्रत्यक्षात नेहमीच वापरली जाते, तर ती त्याच्या अंगावर कर्ज बनते. दोन्ही स्थितींत ती विद्यार्थ्याचीच राहते. वर्ष संपताना 'रंगकामाचे' म्हणून त्यातून सरसकट कापून घेण्याची जी पद्धत पडली आहे ती तपासली पाहिजे. फिक्हच्या दृष्टीने भाडेकरू हा घराबाबत 'अमीन' असतो. त्याने मर्यादा ओलांडून अथवा हलगर्जीने केलेले नुकसान त्याने भरून द्यावयाचे असते. भिंतीचा रंग वर्षभराच्या वापराने फिका पडणे हे नुकसान नव्हे, तो वापर आहे, आणि वापराचे भाडे आधीच घेतलेले आहे. भिंतीवर खिळे ठोकून प्लास्टर उखडले, बेसिन फोडले, तर प्रश्न वेगळा. रंगकामाची कपात सुरुवातीलाच स्पष्ट ठरली असेल तरीही प्रश्न वेगळा. न ठरवता, ज्या दिवशी मुलाला परीक्षा संपवून गावी जायचे आहे आणि भांडायला वेळ नाही त्या दिवशी कापणे, हे पुन्हा निरुपायाच्या संमतीवरच जगणे आहे.

लिहून ठेवण्याचा आळस हे या बहुतेक तंट्यांचे मूळ आहे. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल्-बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही तीत बजावले आहे. आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्याच कायद्याच्या कलम २९ ने न्याय्य कारणावाचून पाणी-विजेसारख्या आवश्यक सेवा तोडण्यास मनाई केली आहे. तरीसुद्धा विद्यार्थ्यांच्या खोल्यांचे व्यवहार बहुतांशी तोंडीच होतात. 'आपलीच माणसं आहोत, कागद कशाला' हे वाक्य दोन्हीकडून येते. आपल्या माणसांमध्येच कागद हवा असतो, कारण परक्याशी भांडण झाले तर व्यवहार बिघडतो आणि आपल्याशी झाले तर मशिदीतला सलामही बंद होतो.

सांगलीकरांनी लागोपाठ दोन वर्षांत या विषयाची जी परीक्षा पाहिली ती येथे सविस्तर पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तिथे ४५ फुटांची आहे. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर या भागांतील तळमजले पाण्याखाली गेले. जिथे विद्यार्थी राहत होते त्या खोल्यांतही पाणी शिरले, पुस्तके, गाद्या, कपडे गेले. त्यानंतर सहा-सात महिन्यांत मार्च २०२० ची देशव्यापी टाळेबंदी आली. विद्यार्थी जे अंगावर होते त्यासह गावी परतले आणि खोल्या कित्येक महिने कुलूपबंद राहिल्या. दोन्ही वेळी घरमालकांनी भाडे मागितले, आणि दोन्ही वेळी विद्यार्थ्यांचे उत्तर एकच होते : आम्ही राहिलोच नाही, तर भाडे कशाचे?

ऐकताना दोन्ही प्रसंग सारखे वाटतात. फिक्ह त्यांत फरक करते, आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे. इजारामध्ये विकला जातो तो घराचा उपयोग. मालकाने उपयोग घेता येईल अशा स्थितीत घर ताब्यात दिले की भाडे लागू होते, मग भाडेकरू त्यात झोपला काय अन् न झोपला काय. परंतु घरच उपयोगाला येण्यासारखे राहिले नाही, ते कोसळले अथवा पाण्याने भरले, तर तेवढ्या काळाचे भाडे उरत नाही. हनफी ग्रंथांत पाणी आटल्यामुळे बंद पडलेल्या पाणचक्कीचे उदाहरण याच संदर्भात येते. म्हणजे महापुरात, खोली राहण्यायोग्य होईपर्यंतच्या दिवसांचे भाडे मागण्याचा मालकाला हक्कच नव्हता. त्याने ते सोडले तर ते औदार्य नव्हते. त्याने घेतले असेल तर ती रक्कम परत करणे आजही शिल्लक आहे.

टाळेबंदीत खोली शाबूत होती. किल्ली विद्यार्थ्याकडे होती, त्याची पुस्तके, कूकर, पलंगाखालची पेटी आत होती, आणि मालकाला ती दुसऱ्याला देता येत नव्हती. कराराच्या काटेकोर दृष्टीने भाडे चालू होते. विद्यार्थ्यासाठी मार्ग नव्हता असे मात्र नाही. करार पुढे चालविल्यास असामान्य नुकसान सोसावे लागेल असे कारण, म्हणजे 'उज्र', निर्माण झाल्यास इजारा संपुष्टात आणण्याची मुभा हनफी फिक्हमध्ये आहे. महाविद्यालयच बंद पडणे याहून मोठे उज्र कोणते? फक्त ते मालकाला कळवायला हवे होते : आम्हाला खोली नको, सामान हलविण्याची परवानगी मिळताच हलवू. पुष्कळांनी असा निरोप दिला नाही. महाविद्यालय उद्या सुरू होईल, खोली हातची जाईल, या भीतीने त्यांनी खोली धरून ठेवली, आणि भाड्याच्या वेळी मात्र आपण तिथे नव्हतो असे सांगितले. खोलीवरचा हक्क राखून भाड्याची जबाबदारी झटकणे हे बरोबर नव्हते.

आणि तरीही, मालकाने टाळेबंदीतले भाडे पूर्ण वसूल करावे काय? फळे विकली गेल्यावर आपत्तीने बाग उद्ध्वस्त झाली तर विक्रेत्याने किंमत सोडून द्यावी, असा प्रेषितांचा (स.) आदेश हदीसमध्ये आहे, आणि अडचणीत असलेल्या ऋणकोला मुदत द्यावी, सोडून दिले तर ते अधिक चांगले, असे सूरह अल्-बकराच्या २८० व्या आयतीत सांगितले आहे. त्या वर्षी सांगली-मिरजेत अर्धे भाडे घेऊन हिशेब मिटविणारे मालक होते, काहींनी दोन-तीन महिन्यांचे पूर्ण सोडले. हक्क असताना सोडणे आणि हक्क नसताना मागणे, या दोन्ही गोष्टी त्या वर्षभरात एकाच गल्लीत घडल्या.

आता विद्यार्थ्यांविषयी. 'गरीब विद्यार्थी' या दोन शब्दांच्या आड पुष्कळ काही खपून जाते. तिघांसाठी ठरलेल्या खोलीत पाचजण राहतात. पाणी, संडास, वीज यांवर पाचांचा भार पडतो आणि मालकाला दोघे 'पाहुणे' म्हणून सांगितले जातात. लाईट बिल मालकाकडे असेल तर कॉईलची शेगडी दिवसभर चालते. शेवटच्या महिन्यात 'डिपॉझिटमधून वळते करा' असा निरोप ठेवून किल्ली शेजाऱ्याकडे टाकली जाते. यांतील प्रत्येक गोष्ट परवानगीने जायज होऊ शकली असती. न विचारता ती दुसऱ्याच्या मालमत्तेचा अपहार होते. दुसऱ्यांकडून घेताना पुरेपूर मापणारे आणि देताना कमी भरणारे यांच्याविषयी सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये आलेला इशारा केवळ धान्याच्या दुकानदारासाठी आहे असे समजू नये.

त्याहून नाजूक गोष्ट घरची आहे. मुलगा घरी सांगतो ते भाडे आणि मालकाला देतो ते भाडे यांत कधीकधी पाचशे-सातशेचा फरक असतो. मोबाईलच्या रिचार्जला, चहाला, मित्राच्या वाढदिवसाला तो खर्च होतो. रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु ती कोठून येते? आईने पतसंस्थेत सोने ठेवून तारण कर्ज काढलेले असते, अथवा वडिलांनी शेळी विकलेली असते. मुलाच्या वरखर्चाला पैसे देण्यास त्यांची ना नसती. त्यांना खोटे सांगितले गेले, ही यातील खरी बाब आहे. विश्वासाने सोपवलेला पैसा ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी खर्चावा, अथवा कारण बदलल्याचे सांगावे.

खर्चाची जुळवाजुळव करताना आणखी दोन वाटा दिसतात, ज्यांवर पाऊल टाकण्यापूर्वी थांबले पाहिजे. एक म्हणजे 'हेवी डिपॉझिट'. मुंबई-पुण्याकडची ही रीत आता आपल्याकडेही ऐकू येते : मोठी रक्कम एकदम द्यावी, भाडे शून्य अथवा नाममात्र, आणि सोडताना रक्कम पूर्ण परत. दोन्ही पक्षांना सोयीचे वाटते. परंतु ती रक्कम मालक वापरतो, म्हणजे ते कर्ज आहे, आणि त्या कर्जाच्या बदल्यात देणाऱ्याला राहण्याची सवलत मिळते. कर्जावर ठरवून घेतलेला लाभ हे व्याजच, मग तो रोख असो की खोलीच्या रूपाने; म्हणून अनेक मुफ्तींनी हा व्यवहार नाजायज ठरविला आहे. वाजवी भाडे आणि वाजवी अनामत, एवढेच सरळ आहे. दुसरी वाट शासकीय मदतीची. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा आधार मिळू शकतो, आणि पात्र मुलांनी तो अवश्य घ्यावा. संकोचाने अर्जच न करणारी कुटुंबे आपल्यात बरीच आहेत. मात्र नातेवाइकाच्या घरी विनामूल्य राहून अशा मदतीसाठी भाड्याचा खोटा करार जोडणे म्हणजे खोटी साक्ष कागदावर उतरविणे होय.

उरतो तो श्रमाचा मार्ग, आणि सातारा जिल्ह्याला तो नव्याने सांगण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले तेथे एका छपराखाली राहिली, हाताने स्वयंपाक करून एका पंगतीत जेवली. धान्य संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मुलांच्या जेवणासाठी दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा व शिका' ही योजना उभी राहिली. विद्यार्थी शेतात, बांधकामावर राबून शिकले. मुस्लिम वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. मस्जिदे-नबवीच्या सुफ्फ्यावर राहणाऱ्या बेघर विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी सहाबांपैकी काहीजण दिवसा लाकूडफाटा गोळा करून विकत आणि रात्री कुरआनचा अभ्यास करीत. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी सहाबीची घरातली चादर आणि प्याला प्रेषितांनी (स.) दोन दिरहमांना विकून दिला, एका दिरहमाचे अन्न घरी पाठविले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणावयास सांगून तिला स्वतःच्या हाताने दांडा बसविला. संध्याकाळी दोन तास औषधाच्या दुकानात उभे राहणाऱ्या अथवा डबे पोचविणाऱ्या मुलाकडे आपल्या मोहल्ल्यात जी कीव दाखविली जाते, ती या पार्श्वभूमीवर तपासून पाहावी.

शाहू बोर्डिंगच्या त्या पंगतीची आठवण आणखी एका कारणाने होते. खोली पसंत पडते, भाडेही ठरते, आणि नाव सांगताच खोली 'आत्ताच गेलेली' असते, हा अनुभव आपल्या मुलामुलींना येतो. तो अपमान लहान नाही. विशेषतः मुलीच्या बाबतीत त्यामुळे शिक्षणच थांबते. याची तक्रार करण्याचा आपल्याला हक्क आहे. परंतु आपल्या स्वतःच्या खोल्यांवर आपण कोणते निकष लावतो? एखाद्या समूहाविषयीच्या कटुतेने न्यायापासून ढळू नका, ही सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीतील आज्ञा ज्यांना अन्याय सोसावा लागतो त्यांनाही उद्देशून आहे. जतहून आलेल्या हिंदू मुलाला मिरजेच्या मुस्लिम घरात वाजवी भाड्यात खोली मिळाली, तर ते आपल्या तक्रारीला बळच देईल.

शेवटी जमातीकडे येऊ. विद्यार्थ्यांचा निवास ही समाजाची जबाबदारी आहे, ही कल्पना मुस्लिम इतिहासात परकी नाही. बगदादमध्ये १२३४ साली उघडलेल्या मुस्तन्सिरिया मदरशात चारही फिक्ही पंथांच्या विद्यार्थ्यांना वक्फच्या उत्पन्नातून निवास, भोजन आणि मासिक वेतन मिळत असे. आपल्या शेजारी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, ते दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग म्हणून आजही ओळखले जाते. सातारा-सांगलीत मशीद आणि दर्ग्यांच्या मालकीची दुकाने व खोल्या आहेत. त्या विद्यार्थ्यांना नाममात्र भाड्याने द्याव्यात अशी सूचना बैठकांत अधूनमधून होते, आणि विश्वस्त ती टाळतात असा राग तरुण धरतात.

येथे विश्वस्तांची अडचण खरी आहे. आपल्या घराचे भाडे सोडण्याचा अधिकार मालकाला आहे, पण मुतवल्ली हा वक्फचा मालक नसतो. वक्फची जागा उज्रते-मिस्लपेक्षा बरीच कमी घेऊन देण्याचा त्याला अधिकार नाही, अगदी चांगल्या हेतूनेही नाही, जोवर ती जागा मुळातच विद्यार्थ्यांसाठी वक्फ केलेली नसते. म्हणून मार्ग थोडा फिरून जातो. वक्फने वाजवी भाडे घ्यावे आणि गरजू विद्यार्थ्याला तेवढे भाडे देण्याची ताकद जमातीने जकात व सदक्यातून द्यावी. मुलगा निसाबचा धनी नसेल तर तो जकातीस पात्र ठरू शकतो. तो कुरआन शिकतो की अभियांत्रिकी, यावर ते अवलंबून नाही, त्याच्या गरजेवर आहे. हनफी मतानुसार जकातीत 'तमलीक' आवश्यक असते, म्हणजे रक्कम त्याच्या मालकीची व्हावी लागते. तेव्हा ती परस्पर मालकाला न देता विद्यार्थ्याच्या हाती द्यावी आणि त्याने आपल्या हाताने भाडे भरावे. याच कारणाने, ज्यांच्या स्वतःच्या खोल्या आहेत अशा बांधवांनी विद्यार्थ्याकडे थकलेले भाडे माफ करून तेवढी आपली जकात निघाली असे समजू नये. माफी ही माफी म्हणून अल्लाहजवळ नोंदली जाईल, जकात मात्र अदा होणार नाही. जकातीची रक्कम आधी मुलाच्या हातात द्यावी, मग त्याच्याकडून भाडे घ्यावे आणि पावती द्यावी.